आरोपीच्या घरचे प्रश्न

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील दारीं आले. ते एका छापखान्यांत जुळारी होते. मुलास मारामारीच्या प्रकरणांत त्याच दिवशीं सायंकाळीं पोलिसांनीं नेलें होतें. वकिलाकडे न जातां ते इतिहासाच्या अध्यापकाकडे कां आले, याचें आम्हांस फारसें नवल वाटलें नाहीं. वकिलाकडे जाणें म्हणजे घरावर आपत्ति आली असें कबूल करणें. मास्तरांकडे जाणें म्हणजे नुसता सल्ला विचारणें. त्यांनीं विचारलेले प्रश्न आम्हीं मागाहून एका कागदावर उतरून काढले. त्यांत नवा असा एकहि नव्हता. आरोपीच्या घरचीं माणसें या देशांत शंभर सव्वाशें वर्षें हेंच विचारीत आलीं आहेत. उत्तरें मात्र बदलत गेलीं, आणि तीं कशीं बदललीं हें सांगणें आमच्या अधिकाराबाहेरचें नसावें.

त्यांचा पहिला प्रश्न, 'किती दिवस ठेवतील?' मॅजिस्ट्रेटापुढें उभें केल्यावांचून पोलिसांस चोवीस तासांहून अधिक कोणास अडकवून ठेवतां येत नाहीं, हा नियम १८९८ च्या फौजदारी संहितेंतहि होता. प्रवासाचा वेळ त्यांतून वगळला जाई, तसा तो आजहि वगळला जातो. १९५० सालीं तोच नियम राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमांत जाऊन बसला. फरक दिसतो तेवढा लहान नाहीं. संहितेंतील नियम कायदेमंडळाच्या हातचा असतो, मूलभूत हक्क तसा नसतो. अटक झाल्याची खबर घरीं पोहोंचावी याचा आग्रह मात्र फार उशिरां धरला गेला. अटकेचा पंचनामा व्हावा, त्यावर नातलगाची किंवा शेजारच्या प्रतिष्ठित माणसाची सही असावी, आणि घरीं कळवावें, हे दंडक सर्वोच्च न्यायालयानें बसु खटल्यांत १९९६ मध्यें तपशीलवार घालून दिले. आमच्या जुळाऱ्यांस मुलाची अटक चहाच्या टपरीवाल्यानें सांगितली होती.

दुसरा प्रश्न जामिनाचा, आणि येथें थोडें थांबलें पाहिजे.

जामीन ही वस्तु आपल्याकडे इंग्रजांनीं आणली नाहीं. मराठेशाहीच्या कागदांत हाजीरजामीन व मालजामीन असे दोन प्रकार आढळतात. पहिला माणूस हजर करण्याची हमी घेई, दुसरा पैसा भरण्याची. ही वाटणी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण फौजदारी आरोपीकडून न्यायालयास हवी असते ती हजेरी, पण विचारली जाते ती ऐपत. या दोहोंची सरमिसळ हेंच जामिनाच्या इतिहासांतील जुनें दुखणें होय.

२७ जुलै १८९७ रोजीं मुंबईंत लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या कलमाखालीं अटक झाली. मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारला. हायकोर्टांत न्यायमूर्ति पार्सन्स व न्यायमूर्ति रानडे यांच्यापुढें अर्ज गेला, तोहि नामंजूर झाला. मात्र पुढें पुनः अर्ज करण्याची मुभा राहिली. प्रकरण सेशनकडे कमिट झाल्यावर तो अर्ज न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें आला. टिळकांच्या वतीनें उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. आरोपी खटल्यास हजर राहील कीं नाहीं हा यांतील मुख्य मुद्दा, आणि कोठडींत ठेवल्यास त्यास आपल्या बचावाची तयारी नीट करतां येणार नाहीं, ही दृष्टि धरून तय्यबजींनीं ४ ऑगस्ट रोजीं जामीन दिला. हाजीरजामिनाची जुनी कल्पना हायकोर्टाच्या भाषेंत पुनः बोलली, असें आम्हांस हा निकाल पाहून नेहमीं वाटतें.

अकरा वर्षें लोटलीं. २४ जून १९०८ रोजीं टिळकांस त्याच कलमाखालीं पुनः पकडलें. या खेपेस जामिनासाठीं उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि न्यायासनावर होते तेच दावर, आतां न्यायमूर्ति झालेले. जामीन नामंजूर झाला. टिळकांनीं आपल्या खटल्याची तयारी कोठडींतून केली, आपलें भाषण आपणच केलें, आणि तें कित्येक दिवस चाललें. सात युरोपियन व दोन पारशी अशा ज्यूरीनें सातांविरुद्ध दोन मतांनीं त्यांस दोषी ठरविलें. २२ जुलै रोजीं रात्रीं सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

दावर यांस नांवें ठेवणें सोपें आहे, आणि तें आपल्याकडे भरपूर झालें आहे. आमची दृष्टि थोडी निराळी आहे. दोन्ही वेळां कलम तेंच, आरोपी तेच, जामिनाच्या कायद्याचें धोरणहि जवळजवळ तेंच. बदललें होतें तें एकाच माणसाचें स्थान. जामीन हा ज्या कायद्यांत न्यायाधीशाच्या मर्जीवर इतका सोंपविलेला असतो, तेथें आरोपीच्या बायकोनें 'मिळेल काय?' असें विचारलें तर प्रामाणिक वकिलास 'न्यायाधीश कोण आहेत?' असा उलट प्रश्न करावा लागतो. हें १९०८ सालीं खरें होतें आणि पुढेंहि खोटें ठरलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आम्ही हें सर्व रंगात येऊन सांगत होतों. जुळाऱ्यांनीं आम्हांस मध्येंच थांबविलें. "सर, टिळकांना जामीन राहायला माणसं होती. आमचं कोण? भाऊ आहे, पण तो बेळगांवकडे. इथे ना सातबारा, ना घर."

त्यांच्या या प्रश्नास उत्तर १९७८ सालचें आहे. मध्य प्रदेशांतील एका गवंड्यास सर्वोच्च न्यायालयानें जामीन दिला होता. मॅजिस्ट्रेटानें दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि गवंड्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत म्हणून त्यास नाकारलें. गवंडी पुनः दिल्लीच्या दारीं गेला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्यास सोडलें, आणि जिल्ह्याच्या सीमेवर जामीनदाराची लायकी संपत नाहीं, हें कडक शब्दांत सुनावलें. पुढच्याच वर्षीं बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचें प्रकरण न्यायालयापुढें आलें. गुन्ह्यास होऊं शकणाऱ्या कमाल शिक्षेहून अधिक काळ कित्येकांनीं केवळ खटल्याची वाट पाहण्यांत काढला होता. कमाल शिक्षेचा ठराविक भाग भोगून झालेल्या कच्च्या कैद्यास सोडावें, हें कलम संहितेंत यावयास तरीहि एकविसावें शतक उजाडलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंत प्रथमच आरोपी ठरलेल्यास ती मुदत एक तृतीयांशावर आली आहे. जन्मठेप वा देहांताचे गुन्हे अर्थात् त्यांतून वगळले आहेत.

'पोलिसांपुढें तो कांहीं कबूल करून बसला असेल तर?' हा प्रश्न त्यांनीं आवाज उतरवून विचारला. यास मात्र इतिहास दिलासा देतो. मद्रास इलाख्यांतील पोलिसांच्या छळाची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८५५ सालीं निघाला. १८६१ च्या संहितेनें पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यांतून बाद केला, आणि तो नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत व तेथून २०२३ च्या नव्या कायद्यांत आला. परक्या सरकारनें आपल्याच पोलिसांवर ठेवलेला हा अविश्वास स्वराज्यानेंहि जपून ठेवला, ही लहान गोष्ट नव्हे. एक फट मात्र आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर सांगण्याचा त्या शोधाशीं निगडित तेवढा भाग ग्राह्य होतो.

वकिलाच्या पैशाविषयीं ते बोलले नाहींत, आम्हीच बोललों. १८९८ च्या संहितेनें आरोपीस वकील देण्याचा हक्क मान्य केला होता, पण ज्यास वकील परवडे त्याचाच तो हक्क. गरिबास सरकारनें वकील द्यावा हें तत्त्व १९७६ सालीं घटनेंत आलें, आणि १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ सालीं अमलांत आल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत त्याचें कार्यालय झालें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे तेथें गेलों. एका तरुण वकीलबाईंनीं कागद पाहिले आणि गवंड्याचा तो निकाल आम्ही सांगण्यापूर्वींच त्यांनीं सांगितला. तिसऱ्या आठवड्यांत मुलगा जातमुचलक्यावर सुटला. खटला अजून चालू आहे.

त्या रात्रीं निघतां निघतां जुळाऱ्यांनीं आणखी एक विचारलें होतें. तें त्यांच्या पत्नीनें विचारावयास सांगितलें होतें, म्हणून ते संकोचले. कोठडींत घरचा डबा चालतो काय? १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यांत शिक्षा न झालेल्या कैद्यास बाहेरून अन्न, कपडे व अंथरूण घेण्याची मोकळीक, तपासणीच्या अटीवर, दिलेली होती. चौकीवरचा रिवाज फौजदारागणिक निराळा. आम्ही म्हणालों, नेऊन पाहा. सकाळीं बाई डबा घेऊन गेल्या. हवालदारानें झांकण उघडून भाकरी उलटीपालटी करून पाहिली, आणि आंत पाठविली.