कॅप्सूलमधलं विरजण

आत्या व्हेंटिलेटरवर होती. फ्लूचा ताप छातीत उतरला, एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं पांढरी दिसायला लागली आणि तिसऱ्या दिवशी घशात नळी घालावी लागली. आयसीयूत आम्हाला पाच मिनिटं सोडत. अशाच एका भेटीत सिस्टर शेजारच्या खोलीत, काचेपलीकडे, हातमोजे चढवून एक कॅप्सूल उघडताना दिसल्या. आतली पांढरी पूड त्यांनी पाण्यात कालवली, सिरिंजमध्ये ओढून घेतली, हातमोजे टाकून हात धुतले, नवे चढवले आणि मग आत येऊन आत्याच्या नाकातून पोटात गेलेल्या नळीत ती हळूहळू सोडली.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"प्रोबायोटिक आहे ताई. पोटातले चांगले जंतू."

विषाणूने माणूस आडवा केलाय, अँटिबायोटिकच्या बाटल्या लटकताहेत, आणि त्याच देहात आपण जिवंत जिवाणू सोडतोय! घरी आल्यावरही ती पूड डोळ्यांपुढून हलेना. ती तिथवर आली कुठून, हे शोधत गेले तेव्हा हाती लागलं एक मातीचं भांडं.

ते भांडं बल्गेरियातल्या एका खेड्यातलं. स्टामेन ग्रिगोरोव्ह हा तरुण जिनिव्हात वैद्यकी शिकत होता. गावाकडचं दही तो भांड्यातून घेऊन आला होता. 1905 मध्ये प्राध्यापक लिओं मासोल यांच्या प्रयोगशाळेत त्याने त्या दह्यातला काडीसारखा जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याला बल्गेरियाचंच नाव मिळालं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉव्ह यांनी हा धागा उचलला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा त्यांचा शोध. त्यासाठी 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. मोठ्या आतड्यात कुजवणारे जंतू विष तयार करतात आणि माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्यांचं मत होतं. आंबवलेल्या दुधातले जंतू त्यांना आवर घालतील म्हणून ते स्वतः रोज असं दूध पीत. त्यांचा तर्क बराचसा चुकीचा निघाला. हा बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही, हे पुढे अमेरिकेत लिओ रेटगर यांनी दाखवलं. पण एका जंतूने दुसऱ्याला हुसकवायचं, ही कल्पना मागे राहिली ती राहिलीच.

मेचनिकॉव्ह आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग पॅरिसला गेला आणि 1896 च्या प्लेगात मुंबईत येऊन लस तयार करू लागला. तो वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना मला आता गुरू आणि शिष्य दोघंही आठवतात.

दह्याला पोटाचं औषध मानायला आपल्याकडे कुणी पॅरिसची वाट पाहिली नव्हती. पण घरचं विरजण आणि ही पूड यांत फरक आहे, तो नीट पाहायला हवा. दूध कोमट झालंय का हे आपण बोटाने पाहतो, कालच्या दह्यातलं चमचाभर घालून ढवळतो, झाकून ठेवतो. त्या चमच्यात कुठले जंतू, किती, हे कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात एक वाढतो, थंडीत दुसरा. कॅप्सूलमध्ये मात्र ठरावीक, मोजलेलं वाण असतं. त्याला जात असते, कुळी असते, गोठवून जपलेलं मूळ बियाणं असतं. त्यामुळे "दही चांगलं, म्हणजे कॅप्सूलही चांगलीच" हा हिशेब इथे चालत नाही.

अशी वाणं पुढे एकेक करून मिळत गेली. त्यातलं मला सगळ्यात भावलेलं अल्फ्रेड निस्ले यांचं. पहिल्या महायुद्धात सैनिक जुलाबाने हैराण असताना एकजण मात्र ठणठणीत राहिला. 1917 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला निस्लेंनी त्याच्याच विष्ठेतून जिवाणू वेगळा केला. तो आजही औषध म्हणून मिळतो. 1930 मध्ये क्योटोत मिनोरू शिरोता यांनी आपलं वाण शोधलं आणि 1935 पासून ते याकुल्टच्या छोट्या बाटलीतून घरोघरी गेलं. प्रोबायोटिक हा शब्द मात्र या सगळ्यांनंतरचा, 1950-60 च्या दशकांतला. आज पाळली जाते ती व्याख्या 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली: पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यातला 'जिवंत' हा शब्द लक्षात ठेवावा.

इथवरची सगळी कथा पोटाची. ती छातीपर्यंत कशी पोचली?

विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो आणि मागून जिवाणू घुसतात. 1918 च्या इन्फ्लुएंझात बहुतेक माणसं दगावली ती या दुसऱ्या, जिवाणूंच्या न्यूमोनियाने. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं तेच भय असतं. तोंडातले नेहमीचे जंतू जाऊन दवाखान्यातले चिवट जंतू तिथे ठाण मांडतात आणि लाळेबरोबर नळीच्या कडेने फुफ्फुसात झिरपतात. तिथे आधीच चांगल्या जंतूंनी जागा अडवली तर? त्यासाठी निवडलेलं वाण बॉस्टनचं होतं. शेरवुड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन यांनी ते 1980 च्या दशकात निरोगी माणसाच्या आतड्यातून मिळवलं. त्याच्या नावातला 'जीजी' म्हणजे या दोघांची आद्याक्षरं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 146 रुग्ण होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना हे वाण दिलं: थोडी पूड जेलमध्ये कालवून तोंडात आतून फासायची, उरलेली नळीवाटे पोटात. न्यूमोनिया कमी झाला. दुसऱ्याच वर्षी येल विद्यापीठात दिसलं, की अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू मारले तर उंदराची फ्लूशी लढायची ताकदच खचते. आतड्याचा आणि फुफ्फुसाचा संबंध आता नुसता तर्क राहिला नव्हता.

2013 च्या वसंतात चीनमध्ये एच7एन9 हा पक्ष्यांचा फ्लू माणसांत आला. हांगझोऊच्या डॉक्टर ली लानजुआन मूळच्या यकृताच्या आजारांतल्या. यकृत निकामी झालेल्या रुग्णांचं आतडं कसं बिघडतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यांच्या गटाने उपचाराचं सूत्र बांधलं: चार गोष्टींशी लढा, दोन तोल सांभाळा. लढा विषाणूशी, शॉकशी, ऑक्सिजनच्या कमतरतेशी आणि दुसऱ्या संसर्गाशी. तोल एक पाणी-क्षारांचा, दुसरा आतड्यातल्या जंतूंचा. हेच सूत्र 2020 मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा बाहेर आलं, आणि गंभीर रुग्णांना आतड्यातल्या जंतूंचा तोल राखणारी औषधं देता येतील असं चीनच्या सरकारी उपचारपुस्तिकेतही आलं. विचार म्हणून तो मला आजही पटतो. पण पटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर आयसीयूत जिवावर बेतू शकतं.

ते बेतलेलंही आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या 298 रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2008 मध्ये आले. संसर्ग टळावा म्हणून सहा वाणांचं मिश्रण थेट लहान आतड्यात सोडलं होतं. ते मिळालेल्यांपैकी 16 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 6 टक्के. नऊजणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि ते नऊही प्रोबायोटिक मिळालेलेच. हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग 2019 मध्ये बॉस्टनच्याच मुलांच्या रुग्णालयातून बातमी आली. तिथे आयसीयूत प्रोबायोटिक दिलेल्या 522 मुलांपैकी सहाजणांच्या रक्तात जिवाणू सापडला. संशोधकांनी त्याचा जनुकीय आराखडा वाचला आणि कॅप्सूलमधल्या जिवाणूशी ताडून पाहिला. कूळ एकच निघालं.

सगळ्यात मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली: कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातले 44 आयसीयू, व्हेंटिलेटरवरचे 2,650 रुग्ण, वाण तेच जीजी. न्यूमोनिया झाला 21.9 टक्क्यांना, ज्यांना नुसती खोटी पूड दिली त्यांच्यात 21.3. शरीरात जिथे तो असायलाच नको अशा जागी तोच जिवाणू सापडणं किंवा त्याचाच संसर्ग होणं, असं घडलं 15 जणांत. खोटी पूड मिळालेल्यांत एकात. 2010 ची आशा इथे विरली.

पण या कुळाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने 4,556 निरोगी नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना आठवडाभर एक वेगळं वाण आणि त्याचं खाद्य दिलं. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू 9 टक्क्यांवरून 5.4 वर आला, आणि फुफ्फुसाचे संसर्गही घटले. 2017 ची ही गोष्ट. बाळाचं आतडं म्हणजे नुकतंच धुतलेलं पातेलं, तिथे विरजण लागतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं आतडं औषधांनी होरपळलेलं, भिंत झिरपणारी. तिथे हेच विरजण भलतीकडे पाझरू शकतं.

आत्या सतरा दिवसांनी घरी आली. त्या पुडीमुळे की तिच्याशिवायही, हे मला सांगता येणार नाही. कॅप्सूलमध्ये कुठलं वाण होतं हे मी तेव्हा विचारलं नाही, याची खंत आहे. सिस्टर ती शेजारच्या खोलीत का उघडत होत्या, ते मात्र फार नंतर कळलं. प्रोबायोटिक म्हणून दिलं जाणारं एक यीस्ट रुग्णाच्या मोठ्या शिरेतल्या नळीवाटे रक्तात शिरल्याच्या घटना घडल्या होत्या. कॅप्सूल उघडताना पूड हवेत उडते, बोटांना चिकटते आणि तिथून त्या नळीपर्यंत पोचते. युरोपच्या औषध नियामकांनी 2017 मध्ये ते यीस्ट अत्यवस्थ रुग्णांना देऊच नये असं ठरवलं. इतरांसाठीही सांगितलं, की ते रुग्णाच्या खोलीत उघडू नये, हातमोजे घालावेत, ते लगेच टाकून हात धुवावेत. आत्याच्या मानेतही तशी नळी होती. सिस्टर दर वेळी दार लोटून घेत, मगच कॅप्सूल फोडत.