दारावरचा शरद : तोरण, झेंडू आणि आपट्याच्या पानाचा इतिहास

१/
दसऱ्याच्या सकाळी कोल्हापुरातले घर सजवायला फारसे काही लागत नाही. आंब्याचा डहाळा, झेंडूची फुले, उंबऱ्यापुढे रांगोळी आणि देवापुढे आपट्याची पाने. या साऱ्या गोष्टी सारख्याच ‘प्राचीन’ वाटतात. इतिहास मात्र प्रत्येकीचे वय वेगळे सांगतो. त्यांतली एक तर थेट मेक्सिकोहून आलेली आहे. 🧵

२/
सुरुवात तोरणापासून. संस्कृतात ‘तोरण’ म्हणजे मुळात प्रवेशद्वाराची कमान. सांचीच्या स्तूपाभोवतीची इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली दगडी तोरणे प्रसिद्धच आहेत. मराठीत हा शब्द कमानीवरून दारावर बांधायच्या माळेवर आला आणि पुढे वाक्प्रचारही झाला. तोरण बांधणे म्हणजे शुभारंभ करणे. ‘स्वराज्याचे तोरण बांधले’ हे शब्द प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून गेलेले असतात.

३/
या सजावटीचे मूळ शेतात आहे. घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. वर रोज एक माळ चढते. नऊ दिवसांत धान्याला पिवळसर कोंब फुटतात आणि दसऱ्याला तेच कोंब टोपीत वा केसांत खोवले जातात. खरीप हाताशी आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. म्हणूनच अनेक अभ्यासक या विधीत बियाण्याच्या परीक्षेची आठवण पाहतात.

४/
घटावरच्या माळा पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. विड्याची पाने, तरवडाची फुले, कारळ्याची फुले, शेवंती. तरवड माळावर आपोआप उगवतो, कारळा शेतात असतो आणि दोघांचीही फुले पिवळीधमक असतात. म्हणजे सह्याद्रीच्या परिसरात शरदाचा रंग निसर्गतःच पिवळा आहे. झेंडू आला तो या तयार जागेत.

५/
झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथील नाहुआ लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’, म्हणजेच पुष्कळ पाकळ्यांचे फूल. स्पॅनिश आक्रमणापूर्वीही ते तेथे धार्मिक विधींत आणि औषधांत वापरले जाई. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने नाहुआ जाणकारांच्या मदतीने तयार केलेल्या कोशवजा ग्रंथात त्याची नोंद आहे.

६/
पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि त्यानंतर अमेरिका खंडातल्या अनेक वनस्पती या किनाऱ्यावर उतरल्या. मिरची, काजू, अननस, पेरू, सीताफळ. झेंडूही याच देवघेवीतून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोव्यात कोंकणी बोलणारे झेंडूला ‘रोजा’ म्हणतात. हा शब्द मुळात पोर्तुगीज भाषेतल्या गुलाबाचा! फुलाच्या प्रवासाची खूण अशी शब्दात उरली.

७/
मग परदेशी फूल देवघरापर्यंत पोहोचले कसे? एक कारण वर आलेच : रंगाची जागा आधीपासून होती. दुसरे कारण वनस्पतीच्या स्वभावात आहे. दिवस लहान होऊ लागले की झेंडूला बहर येतो, म्हणजे नेमका अश्विनात. तिसरे कारण अगदी व्यवहारी. गेंद भरगच्च असतो, सुईदोऱ्यात नीट ओवता येतो आणि जाई-मोगऱ्यासारखा तासाभरात मान टाकत नाही.

८/
तिकडे मेक्सिकोतही हेच फूल याच ऋतूत दारी येते. १ आणि २ नोव्हेंबरला तेथे मृतांचे स्मरण करतात आणि दिवंगतांना घराची वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. एका फुलाने दोन खंडांतले उंबरठे धरले. एकीकडे पूर्वजांसाठी, दुसरीकडे विजयादशमीसाठी.

९/
आता आपटा. रघुराजा, कौत्स आणि सोन्याचा पाऊस ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ती येते. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवे असतात, रघू कुबेरावर स्वारीची तयारी करतो आणि रात्रीतून सोन्याची वृष्टी होते. पण कालिदासाचे सोने पडते ते राजाच्या कोषागारात. आपट्याचे झाड तेथे नाहीच! झाडाचा धागा लोकपरंपरेने जोडला.

१०/
म्हणून आपटा अर्वाचीन ठरत नाही. ‘अश्मंतक’ या नावाने तो मनुस्मृतीतही भेटतो. मुंज गवत न मिळाल्यास मेखलेसाठी ज्या पर्यायी वनस्पती सांगितल्या आहेत, त्यांत अश्मंतक आहे. त्याच्या सालीचा चिवट वाख दोरासाठी उपयोगी पडतो. म्हणजे झाड जुने, त्याची उपयुक्तताही जुनी. ‘सोने’ ही ओळख मात्र कथेची देणगी.

११/
सोने ‘वाटण्या’आधी ते ‘लुटण्या’ची प्रथा होती. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या. फौजा छावणीत असत. दसऱ्याला शस्त्रपूजा करून सीमोल्लंघन होई आणि मोहिमांचा हंगाम सुरू होई. मोहिमेवरून परतणाऱ्याने आणलेले धन आणि घरोघरी पोहोचणारे पान, यांचे नाते या शब्दात दिसते.

१२/
कोल्हापुरात ही लूट आजही दिसते. विजयादशमीच्या संध्याकाळी अंबाबाई आणि तुळजाभवानीच्या पालख्या दसरा चौकात येतात. छत्रपती घराण्यातील मंडळी राजाराम महाराजांच्या काळातल्या जर्मन बनावटीच्या मेबॅक मोटारीतून येतात. शमीपूजन होते आणि पुढच्या क्षणी जमाव पानांवर तुटून पडतो. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार संपला, दसरा राहिला.

१३/
या सोन्याची किंमत आता झाडे मोजत आहेत. पानांसाठी सबंध फांद्या तोडल्या जातात आणि आपटा मिळाला नाही की बाजारात त्याच्या जागी कांचनाची पाने येतात. ओळख सोपी आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे मोठे आणि मऊ.

१४/
‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ असे म्हणून दारावर प्लास्टिकचा झेंडू टांगला जातो, तेव्हा हा इतिहास उपयोगी पडतो. पूर्वापार चालत आले ते एखादे विशिष्ट फूल नव्हे. त्या ऋतूत आसपास जे पिकते आणि फुलते, ते दाराशी आणण्याची रीत पूर्वापार आहे. झेंडू याच नियमाने आत आला.

१५/
तेव्हा यंदाची सजावट अगदी साधी करता येईल. आंब्याची पाने, मध्ये झेंडू, मिळाल्यास भाताच्या चार लोंब्या आणि माळावरचा तरवड. आपट्याचे एकच पान देवापुढे ठेवले तरी पुरे. आणि शक्य असेल तर या पावसाळ्यात आपट्याचे एक रोप लावावे. पुढच्या पिढीला लुटायला सोने उरेल.