न्यूयॉर्क राज्यातील प्रेक्षणीय स्थळे आणि एक समाधी

आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, “तुम्ही अमेरिका पाहून आलात, तेथील प्रेक्षणीय स्थळांवर स्मरणिकेसाठी काही लिहून द्या.” प्रथम मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा गावापासून दहा किलोमीटरवर होती, आणि “पोरीला एकटी कशी धाडायची?” एवढ्या एका प्रश्नावर माझी शाळा सुटली. ते शल्य अजून मनात आहे. परंतु यंदा मी एक गोष्ट अशी पाहिली की ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना. म्हणून हे धाडस.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने न्यूयॉर्कला होते. नात झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर जावईबापूंनी आम्हाला मोटारीने राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणले. आपल्याला न्यूयॉर्क म्हणजे उंच इमारतींचे शहर एवढेच ठाऊक असते. पण त्या नावाचे मोठे राज्यही आहे. अटलांटिक महासागरापासून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेले. शहर त्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे.

शहरातील ब्रुकलिनचा पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला. त्याचे मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग कामाच्या मध्यावरच अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांच्या पत्नी एमिली यांनी गणित आणि बांधकामाचे शास्त्र शिकून घेतले व सुमारे दहा वर्षे पतीच्या सूचना कामावर पोहोचवून देखरेख केली. पुलावरून प्रथम गाडी गेली ती त्यांचीच. जवळच खाडीत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आहे. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा बेटावर स्त्रियांना जवळजवळ मज्जावच होता. मूर्ती बाईची, आणि सोहळ्याला बायका नकोत! मताचा हक्क मागणाऱ्या काही स्त्रियांनी होडी भाड्याने घेऊन बेटाभोवती फेऱ्या मारल्या व आपला निषेध नोंदविला.

शहर सोडून आम्ही उत्तरेला व मग पश्चिमेला निघालो. वाटेत ईरी कालवा लागतो. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत ३६३ मैलांचा हा कालवा खणून हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडण्यात आले. मूळच्या कालव्यात ८३ बंदिस्त टप्पे होते. टप्प्यात होडी घ्यायची, दारे लावायची, पाणी भरायचे, की होडी आपोआप वरच्या पातळीवर येते. पाण्याने जिना चढावा तसा हा प्रकार आहे. यामुळे मालवाहतूक एकदम स्वस्त झाली आणि न्यूयॉर्क बंदराची भरभराट झाली.

राज्याच्या मध्यभागी अकरा लांबट, अरुंद सरोवरे आहेत. हाताची बोटे पसरावीत तशी ती दिसतात. हिमयुगातील बर्फाने खरवडून ती तयार झाली. हा प्रदेश मूळच्या हौदेनोशोनी लोकांचा. त्यांच्यात कुळाचा प्रमुख निवडण्याचा आणि चुकल्यास काढून टाकण्याचा अधिकार कुळातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे, हे ऐकून मला फार नवल वाटले.

यांपैकी एका सरोवराच्या काठी जिनिव्हा नावाचे गाव आहे. तेथील वैद्यकीय कॉलेजात एलिझाबेथ ब्लॅकवेल या मुलीने अर्ज केला. शिक्षकांनी तो निर्णय विद्यार्थ्यांवर सोपविला आणि मुलांनी थट्टा समजून ‘होय’ म्हटले! तीच मुलगी १८४९ साली अमेरिकेतील पहिली पदवीधर स्त्री-डॉक्टर झाली. तेथून दहाएक मैलांवर सेनेका फॉल्स येथे १९ व २० जुलै १८४८ रोजी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली होती. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया व ३२ पुरुषांनी सह्या केल्या. साऱ्या देशात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९२० साली, आणि सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा एकच बाई हयात होती. परिषदेच्या त्या प्रार्थनामंदिरात मध्यंतरी कपडे धुण्याचे दुकानसुद्धा होते! आता सरकारने ते जतन केले आहे.

मग नायगारा. तो लांबूनच गर्जतो. जवळ गेलो तो तुषारांनी अंग भिजले आणि नात झोपेतून दचकून उठली. पूर्वी काठावरच्या जमिनी खाजगी मालकांच्या होत्या व धबधबा नुसता पाहण्यासही पैसे मोजावे लागत. १८८५ साली राज्याने त्या जमिनी विकत घेऊन काठ सर्वांना खुला केला.

परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, “आई, आता तुला तुझ्या ओळखीच्या बाईकडे नेते.” हडसनकाठच्या पोकीप्सी गावी गाडी थांबली ती दफनभूमीपाशी. हिरवळीवर एक साधा दगड, आणि त्यावर नाव : आनंदीबाई जोशी.

कल्याणच्या जोश्यांची यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन गोपाळरावांची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. औषधपाण्याची धड सोय नव्हती. तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून ‘मी डॉक्टर होईन’ हा निश्चय झाला. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले होते. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असता वाचले आणि आपणहून मदतीचा हात पुढे केला. ४ जून १८८३ रोजी, ब्रुकलिनचा पूल खुला होऊन अकरा दिवस झाले असता, अठरा वर्षांची आनंदी पतीला मागे ठेवून न्यूयॉर्क बंदरात उतरली. शेजारच्या राज्यात, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकून ११ मार्च १८८६ रोजी ती एम. डी. झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात तिचा अंत झाला. तिची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. परक्या मुलीला त्यांनी मरणानंतरही आपल्या माणसांत जागा दिली.

मी पर्समधला करंडा काढला आणि दगडाला हळदकुंकू लावले. कडेवर नात होती. तिच्या वेळी मुलीला अडचण आली होती. एका स्त्री-डॉक्टरनेच दोघींना सुखरूप सोडविले. त्या दगडापुढे मला ते आठवले आणि डोळे भरून आले. समुद्रापलीकडे ती एकटी गेली होती, आणि माझी वाट दहा किलोमीटरपाशी अडली होती.

भगिनींनो, नायगारा जन्मात एकदा जरूर पाहावा. पण आपल्या आळीत जिची शाळा मध्येच सुटली आहे अशी एखादी मुलगी असेल, तर वर्धापनदिनाच्या शिलकीतून तिची फी भरावी, अशी मंडळाला माझी विनंती आहे. आणि दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतः करावे, म्हणून यंदा मी दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरते आहे. गणिताची भीती वाटते. कोणास शिकवावयास सवड असेल तर दुपारी तीननंतर मी घरीच असते.