चित्र गेलं, आवाज राहिला : 'मार्को पोलो' पुन्हा ऐकताना

आजचा भाग एका अशा टीव्ही मालिकेबद्दल आहे, जी मी पूर्ण ऐकली आहे, पण पाहिलेली नाही. आज ती कुणालाच पाहता येत नाही.

बीबीसीची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. जन्म लखनऊचा, आई लेखिका अतिया हुसेन, आणि वय तेव्हा अवघं २४. पुढच्याच वर्षी त्यांनी 'मार्को पोलो' केली. सात भाग, फेब्रुवारी ते एप्रिल १९६४. त्यातला चौथा तेवढा जॉन क्रॉकेट यांचा.

गोष्ट १२८९ सालची. डॉक्टरचं कालयान, म्हणजे टार्डिस, पामीरच्या बर्फात बंद पडतं आणि मार्को पोलोचा तांडा भेटतो. मार्कोला व्हेनिसला परतायचंय, पण कुब्लाई खान सोडत नाही. मग तो ठरवतो, हे अजब यान खानाला नजर करायचं आणि बदल्यात घरी जायची परवानगी मागायची. परग्रहावरचा राक्षस वगैरे काही नाही. दोघांनाही घरी जायचंय आणि वाहन एकच!

विज्ञान कुठे आहे? गोबीच्या वाळवंटात पाणी संपतं. रात्रीच्या थंडीनं टार्डिसच्या आतल्या भिंतींवर दव साचतं, त्यावर सगळे तगतात. मार्को मात्र भडकतो, पाणी होतं तर लपवलं का? मग त्याला बाष्प थंड होऊन पाणी कसं होतं ते समजावावं लागतं.

आता आपल्याकडे या. खऱ्या मार्कोच्या पुस्तकात ठाण्याच्या राज्यावर प्रकरण आहे. ठाणं म्हणजे आमच्या वसईच्या खाडीच्या वरच्या अंगाला. तो लिहितो, इथून चामडं आणि सुती कापड जातं, सोनं-चांदी-तांबं येतं. आणि राजाचं चाच्यांशी साटंलोटं आहे : लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल त्यांचा. 'लिहितो' म्हटलं खरं, पण जिनोव्हाच्या तुरुंगात मार्को बोलला आणि रुस्तिकेल्लोनं लिहून काढलं. आपल्या ब्लॉगसारखंच की!

मालिकेचं काय झालं? तेव्हा व्हिडिओ टेप महाग. जुनं पुसायचं, त्यावर नवं भरायचं. सातही भाग गेले. पण काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर आवाज धरून ठेवला होता, म्हणून तो आहे. बऱ्याच भागांच्या पडद्यावरच्या छायाचित्रांचा संच पुढे खुद्द हुसेन यांच्याकडे सापडला.

बीबीसीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या घरी एका कॅसेटवर आजीची लग्नातली गाणी होती, आमच्या कादोडीत. नववीत असताना मी त्यावर सिनेमाची गाणी भरली. कॅसेट स्वस्त नव्हती आणि आजी तर काय, घरातच होती. आता ती नाही. गाण्यांच्या चाली आईला थोड्या आठवतात, शब्द नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर या रविवारी खाली काढा. बुरशी पुसा, आणि वाजवण्याआधी तिच्या मागचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही काही भरलं जात नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.