ब्लॅकजॅक व पत्त्यांतील कौशल्याचा प्रश्न : जालना जिल्हा

ब्लॅकजॅक : पत्त्यांचा एक पाश्चात्त्य खेळ. ‘एकवीस’ या नावानेही तो ओळखला जातो. हातातील पानांच्या गुणांची बेरीज एकवीसच्या शक्य तितकी जवळ नेणे, परंतु तिच्या पुढे जाऊ न देणे, हे यातील उद्दिष्ट होय. जालना जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, हा खेळ पैसे लावून खेळण्याची अधिकृत सोय नाही. तथापि पत्त्यांच्या खेळात कौशल्य किती आणि दैव किती, या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल ज्या कायद्याखाली लागला, तो कायदा मूळचा हैदराबाद संस्थानाचा होता आणि जालना हा त्या संस्थानाचाच भाग होता. त्यामुळे हा खेळ शिकू पाहणाऱ्याच्या दृष्टीने या भागाचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

खेळाचे स्वरूप : सर्व्हांटीझ या स्पॅनिश लेखकाच्या १६१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत एकवीसच्या डावाचा उल्लेख आढळतो. पुढे फ्रान्समध्ये व तेथून इंग्लंड-अमेरिकेत या खेळाचा प्रसार झाला. यात राजा, राणी, गुलाम व दश्शी यांचे प्रत्येकी दहा गुण, एक्क्याचा एक किंवा अकरा आणि इतर पानांचे त्यांच्यावरील अंकाइतके गुण धरतात. प्रत्येक खेळाडूचा सामना पत्ते वाटणाऱ्याशी असतो. इतर खेळाडूंशी नसतो. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते आणि सतरा गुण होईपर्यंत पाने घेत राहणे त्याच्यावर बंधनकारक असते. एक्का व दहा गुणांचे पान ही जोडी पहिल्या दोन पानांतच आली, तर तिला ‘ब्लॅकजॅक’ म्हणतात. बावन्न पानांच्या एका जोडात तिची संभाव्यता सुमारे एकवीस डावांत एकदा, एवढी असते. खेळाडूला आपला डाव आधी पुरा करावा लागतो. तो एकवीसच्या पुढे गेला की त्याची रक्कम तत्काळ जाते, मग नंतर वाटणाराही पुढे गेला तरी ती परत मिळत नाही. जुगारगृहाचा कायमचा नफा मुख्यतः या एका नियमातून निर्माण होतो.

नवशिक्याचा अभ्यास : या खेळाचे शास्त्र तुलनेने अलीकडचे आहे. अमेरिकन सैन्यातील बॉल्डविन, कँटी, मायझेल व मॅक्डर्मट या चौघांनी साध्या गणकयंत्रांच्या साहाय्याने आकडेमोड करून कोणत्या स्थितीत पान घ्यावे व कोणत्या स्थितीत थांबावे, याचे कोष्टक १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. नवशिक्याने प्रथम हे कोष्टक आत्मसात करावयाचे असते. हातात बारा गुण असता आणखी एक पान घेतल्यास डाव बुडण्याची शक्यता तेरांत चार असते. सोळा गुण असता ती तेरांत आठ होते. असे असूनही वाटणाऱ्याचे उघडे पान सत्ती किंवा त्याहून मोठे असेल, तर सोळावरही पान घेणेच कमी तोट्याचे ठरते. उलट त्याची छक्की उघडी असेल, तर शंभरांत सुमारे बेचाळीस वेळा तो स्वतःच बुडतो. म्हणून खेळाडूने थांबणे हितावह असते. एक्क्यांची व अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडावी, दश्शीची कधीही फोडू नये, हेही त्या कोष्टकातील प्राथमिक नियम होत.

हा अभ्यास पत्त्यांचा एक जोड आणि हिशेबासाठी मूठभर चिंचोके यांवर घरीच करता येतो. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने गेलेल्या पानांचा हिशेब ठेवण्याची पद्धत शोधून १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर रूढ झालेल्या सोप्या पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या प्रत्येक पानाला अधिक एक, सत्ती ते नव्वीला शून्य आणि दश्शी ते एक्का यांना उणे एक असे मोजतात. संपूर्ण जोड मोजून झाल्यावर बेरीज शून्य आली पाहिजे. न आल्यास मोजणीत चूक झाली, हे नवशिक्याला लगेच कळते.

गंजीफा व स्मरणशक्ती : गेलेली पाने ध्यानात ठेवण्याचे कौशल्य भारताला नवे नाही. गंजीफा या खेळात ते अत्यावश्यक असते. बारा रंगांच्या एकशे चव्वेचाळीस पानांच्या गंजीफाचे वर्णन अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त आले आहे. अबुल फज्ल काही काळ जालन्यास राहिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये मिळते. मात्र हा ग्रंथ त्याच्या दक्षिणेतील वास्तव्यापूर्वीचा असल्यामुळे त्यावरून जालन्यातील खेळाविषयी अनुमान काढणे युक्त नाही. महाराष्ट्रात दशावतारी गंजीफाची परंपरा सावंतवाडी येथे टिकून राहिली.

कायद्याची वाटचाल : निजामी राजवटीत हैदराबाद जुगार कायदा फसली १३०५ (इ. स. १८९५-९६) मध्ये झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. हैदराबादचा हा कायदा आंध्र प्रदेशातील त्या भागात चालू राहिला व त्याच्याखाली सिकंदराबादच्या एका करमणूक मंडळावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याचा निकाल देताना रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे व कोणते टाकावे, याचा विचार करावा लागतो. तीन पत्तीसारखा खेळ मात्र न्यायालयाने निव्वळ दैवाचा मानला. खेळातून जागेचा मालक नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याने स्पष्ट केले.

जालन्यात सध्या १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू असून आता त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना तो वगळतो. पण जुगाराचा अड्डा चालविणे व तेथे खेळणे हे दोन्ही गुन्हे ठरतात. दिवाळीतील बलिप्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव असले, तरी त्या परंपरेमुळे कायद्यातून सूट मिळत नाही. राज्यात जुगारगृहांना परवाने देण्यासाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या खेळांना मुभा मिळाली. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात कौशल्य व दैव असा भेद ठेवलेला नाही.

कौशल्याची मर्यादा : कोष्टकाप्रमाणे निर्दोष खेळणाऱ्यालाही सामान्य नियमांखाली सुमारे अर्धा टक्का तोटा होतो, वाटणाऱ्याचे अनुकरण करणाऱ्याला सुमारे साडेपाच टक्के होतो. प्रत्येक डावास शंभर रुपये लावून साठ डाव खेळल्यास सहा हजार रुपये पणाला लागतात. त्यांतील सरासरी तोटा पहिल्याच्या वाट्यास तीस रुपये, तर दुसऱ्याच्या वाट्यास तीनशेतीस रुपये येतो. म्हणजे अभ्यासाने तोटा अकरा पटींनी घटतो, पण नाहीसा होत नाही. पानांची मोजणी करणारा क्वचित पुढे जातो. परंतु पाने वारंवार पिसून किंवा अशा खेळाडूस दूर ठेवून जुगारगृहे आपला नफा राखतात. कोरडवाहू शेतीवर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या कुटुंबात हा तोटा बियाण्याच्या किंवा किराण्याच्या पैशांतून जातो. म्हणून चिंचोक्यांवर शिकलेले ब्लॅकजॅक हा संभाव्यतेच्या गणिताचा उत्तम पाठ आहे. त्यावर उपजीविका उभारण्याची अपेक्षा मात्र त्याच गणिताने खोटी ठरते.