गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका

चित्रपट-दिग्दर्शक व लेखक अरुण खोपकर यांचा मराठी समीक्षाग्रंथ. ग्रंथालीने तो प्रकाशित केला. ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९) आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) हे चित्रपटकार गुरू दत्त यांचे हिंदी चित्रपट यातील तीन अंक होत. पहिल्याला प्रेक्षकांनी उचलून धरले. सिनेमास्कोपमधील पहिला भारतीय चित्रपट असलेला दुसरा मात्र तिकीटबारीवर कोसळला. तिसरा बिमल मित्र यांच्या कादंबरीवर आधारित असून दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वी यांचे नाव आहे.

पुणे येथील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले खोपकर गुरू दत्त (१९२५–६४) यांच्या चरित्राऐवजी कलाकृतींच्या घडणीकडे पाहतात. व्ही. के. मूर्ती यांच्या छायालेखनातील प्रकाश-अंधार, कॅमेऱ्याची हालचाल, गीतांचे चित्रण आणि अभिनय यांतून शोकात्म आशय कसा साकारतो, हे ते दाखवतात. लोकप्रिय मेलोड्रामाला त्यांनी गंभीर कलारूपाचा मान दिला.

ग्रंथास १९८५ चा चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. मराठी चित्रपट-समीक्षेतील हा एक मानदंड होय.