नळांची दुरुस्ती : एक उपेक्षित इतिहास

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगांव नाका हें गांव लागतें. नांवांतील ‘नाका’ हा शब्दच सरहद्दीची आठवण देणारा आहे. या बाजूस निजामाचा मराठवाडा आणि त्या बाजूस १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलेला वऱ्हाड, अशी ही हद्द जवळ जवळ एक शतकभर होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली. १९५६ सालीं हे दोन्ही मुलूख एकाच मुंबई राज्यांत आले. आणि १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. हद्दी आल्या आणि गेल्या. पायांखालची काळी माती मात्र दोन्ही बाजूंस एकच होती, व ती आजही तशीच आहे.

या काळ्या मातीचा आणि नळाचा स्वभाव जुळत नाहीं. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. तिच्या पोटांत पुरलेला नळ म्हणजे दर वर्षीं एकदां वर उचलला जाणारा व एकदां खालीं सोडला जाणारा पदार्थ होय. लवचिक वस्तूस हें सोसतें. खापर, बीड किंवा सिमेंट यांच्या नळांस सोसत नाहीं. त्यांचे सांधे उलतात, आणि जमिनीखालीं कोठें तरी पाणी मुकाट्यानें झिरपूं लागतें. हे सांधे जोडणारांचा इतिहास कोणीं लिहिलेला नाहीं. धरण बांधणाऱ्याचें नांव शिलेवर कोरतात, नहर आणणाऱ्याचें नांव बखरींत येतें. गळका नळ काढून त्या जागीं नवा बसविणाऱ्याचें नांव घरमालकासही ठाऊक नसतें. तथापि शहरें जगलीं किंवा ओसाड पडलीं तीं बव्हंशीं या अनाम मनुष्याच्या असण्यानसण्यामुळें, असें आमचें मत आहे. आणि त्यास पुरावा शोधण्यासाठीं मराठवाड्याबाहेर जावें लागत नाहीं.

१६१० सालीं मलिक अंबरानें खडकी येथें निजामशाहीची राजधानी वसविली. हीच पुढें औरंगजेबाच्या नांवानें औरंगाबाद झाली, व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. राजधानीला पाणी पाहिजे. जवळची खाम नदी लहान, उन्हाळ्यांत आटणारी. अंबरानें वर पाहण्याऐवजीं खालीं पाहिलें. शहराच्या उत्तरेच्या डोंगरउतारांतून जमिनीखालून झिरपणारें पाणी त्यानें विहिरींसारख्या खोदकामानें अडविलें, आणि उताराचा हिशेब धरून भूमिगत मार्गानें शहरांत आणिलें. ही नहर-ए-अंबरी होय. तिच्या पाठोपाठ मोगलाईंत व पुढें आसफजाही अमदानींत आणखी नहरी झाल्या. त्यांतील पाणचक्कीची नहर सर्वांस ठाऊक आहे, कारण बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ तिचें पाणी उंच भिंतीवरून हौदांत पडतांना आजही प्रवासी पाहतात. याच पाण्याच्या धक्क्यानें अठराव्या शतकांत जातें फिरत असे, व दर्ग्यांत येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जात असे.

या नहरींचें पाणी शहरांत खेळविलें जाई तें मातीच्या भाजलेल्या नळांतून. एका नळाचें निमुळतें तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडांत बसवावयाचें, सांधा चुन्यानें भरावयाचा, आणि सर्व रांगेवर दगडचुन्याचें चिलखत घालावयाचें, ही ती रीत. खापरी नळाची शक्ति बेताची. पाण्याचा दाब वाढला कीं तो फुटावयाचाच. म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं उभे मनोरे बांधीत. त्यांस तिकडे बंब म्हणतात. नळांतील पाणी मनोऱ्यांत वर चढावें, मोकळ्या हवेस भेटावें, कोंडलेला वारा निघून जावा, गाळ तळाशीं बसावा, आणि दाब मोडून पाणी पुढच्या नळांत उतरावें, अशी ही योजना होती. आमच्या मतें तिचा आणखी एक गुण आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाहीं. बंब हें तपासणीचें ठिकाणही आहे. या बंबांत पाणी पुरेसें चढतें, त्या पुढच्यांत चढत नाहीं, म्हणजे गळती या दोहोंच्या दरम्यान आहे, हें उकरल्यावांचून कळतें. कोसभर रांग न खोदतां थोडक्या जागेंत कुदळ घालतां येते. दुरुस्तीचा विचार बांधणीच्या वेळींच व्हावा लागतो. तो येथें झालेला होता.

पुण्याच्या कात्रजच्या नळाची गोष्ट याहून थोडी निराळी. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांत आणिलें, तें अरुंद नळांतून नव्हे तर माणूस आंत उतरून चालूं शकेल एवढ्या दगडी भुयारांतून. वाटेंत उच्छ्वास ठेविलेले होते. खालीं उतरावें, गाळ काढावा, निखळलेला चिरा बसवावा, आणि पुढच्या उच्छ्वासांतून वर यावें. औरंगाबादेस नळ बदलावा लागे. पुण्यास झाडावा लागे. त्यामुळें हें काम टिकाऊ झालें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें फुटून पुण्याचे आधुनिक नळ कोरडे पडले, तेव्हां पेशवाईंतील हे हौद आणि विहिरीच लोकांच्या उपयोगीं पडल्या. एकशें अकरा वर्षें नव्हे, दोनशें अकरा वर्षें जुनें काम तें! पण येथें एक गोष्ट विसरूं नये. पुण्यांत पाणी हौदापर्यंत येई; तेथून घरापर्यंतचा नळ म्हणजे घरच्या बायका व पाणके. घरांत तोटी नव्हती म्हणून घरांत गळतीही नव्हती. घरगुती नळाची दुरुस्ती हा प्रश्न आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच खऱ्या अर्थानें जन्मास आला.

तो मुंबईंत जन्मला. विहारचा तलाव पुरा होऊन १८६० सालीं मुंबईंत पाणी आलें, तें विलायतेहून जहाजांतून आणलेल्या बिडाच्या नळांतून. पुढें तुळशी, पवई, आणि १८९२ सालीं तानसा. आरंभीं लोकांस नळाच्या पाण्याविषयीं शंका होती, विहिरींवर त्यांचा जीव होता. तो जीवही हळूहळू सोडवावा लागला. डॉ. बेंटले यांनीं १९११ मध्यें मुंबईच्या हिवतापाविषयीं दिलेल्या अहवालांत उघड्या विहिरींतील डासांवर बोट ठेविलें, आणि पुष्कळ विहिरी झांकल्या किंवा बुजविल्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु ज्या दिवशीं घरची विहीर बुजली त्या दिवशीं घर नळाच्या स्वाधीन झालें. त्यानंतर नळ गळणें ही गैरसोय राहिली नाहीं, संकट झालें.

रस्त्यांतील मोठा नळ बिडाचा, पण घरांतला नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असे. युरोपांत याच कामीं शिसें वापरीत. इंग्रजींतील ‘प्लंबर’ हा शब्दच शिशाच्या लॅटिन नांवापासून आलेला. शिशाचें विष किती सावकाश व किती दूरवर चढतें हें अमेरिकेंतील फ्लिंट शहरानें २०१४ नंतर जगास दाखविलें. आपण जस्ताच्या नळामुळें त्या संकटांतून बऱ्याच अंशीं वांचलों, सर्वस्वीं नव्हे. कारण सांधा पाणबंद करण्यासाठीं आपले कारागीर आट्यांवर दोरा गुंडाळून सफेदा लावीत, आणि जुना सफेदा हा शिशाचाच. पुढें पी.व्ही.सी.चे नळ आले, तेव्हां त्यांतही कित्येक वर्षें शिशाचीं संयुगें मिसळलीं जात; त्यांवर बंधन घालणारे नियम भारत सरकारनें २०२१ सालीं केले.

जस्ताच्या नळाचें मरण कसें येतें हें पाहण्याजोगें आहे. नळ कापून त्यावर आटे पाडले कीं त्या जागेचें जस्त निघून जातें, व उघडें लोखंड सांध्यापाशींच पाण्यास सांपडतें. म्हणून पहिली गळती बहुधा सांध्याशीं होते. तोटी पितळेची असली तर दोन धातूंच्या संगतीनें लोखंड अधिकच लवकर गंजतें. आंतल्या बाजूस गंजाच्या गांठी धरतात, पाणी जड असेल तर त्यांवर चुन्याची पुटें चढतात, आणि अर्ध्या इंचाचा नळ शेवटीं बोरूइतका उरतो. गृहिणी म्हणते, पाण्याला जोर नाहीं. आणि दोष नगरपालिकेस दिला जातो. तो नेहमींच अन्यायानें दिला जातो असें नाहीं, पण निम्मा दोष पुष्कळदां भिंतींत असतो.

दुरुस्तीचेंही एक तंत्र आहे. जस्ताच्या नळाचा मधलाच तुकडा फिरवून काढतां येत नाहीं, कारण एका टोकाचे आटे सुटतांना दुसऱ्या टोकाचे आवळतात. शहाण्या कारागिरानें मूळ बसवितांना मध्यें युनियन ठेविलें असेल तर काम घटकेचें. नाहीं तर तोटीपासून गळतीपर्यंत सर्व रांग उलगडावी लागते. जुन्या नळास पान्हा लावला कीं तो पुढच्या सांध्याशीं मोडतो, तो काढावा तों त्यापुढचा. म्हणून जाणता मनुष्य घरमालकास सांगतो कीं, रबर गुंडाळून तार आवळणें हा एका पावसाळ्याचा उपाय आहे. एक सांधा गेला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. हा सल्ला सहसा ऐकला जात नाहीं, आणि कारागीर पैशावर टपला आहे असा समज होतो.

हें सर्व केवळ पाणी वायां जाण्यापुरतें असतें तर आम्हीं त्यावर एवढा कागद खर्च केला नसता. भरलेल्या नळांतून पाणी बाहेर गळतें. रिकाम्या होणाऱ्या नळांत बाहेरचें पाणी आंत शिरतें. आपल्या शहरांत नळ दिवसांतून तासभर, कोठें चार दिवसांनीं, कोठें आठ दिवसांनीं येतो. पाणी बंद झालें कीं नळांत पोकळी होते, आणि ज्या छिद्रांतून काल पाणी गळलें त्याच छिद्रांतून आज शेजारच्या गटाराचें पाणी ओढलें जातें. घराघरांतून लावलेले टिल्लू पंप ही ओढ वाढवितात. २०१२ सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यामुळें काविळीची सांथ पसरली, हजारों लोक आजारी पडले आणि माणसें दगावलीं. गर्भवती स्त्रीस ही कावीळ फार घातक असते. गळका सांधा आणि बाळंतिणीची खोली यांमधील अंतर आपण समजतों त्याहून पुष्कळ कमी आहे.

उलट बाजूचीं उदाहरणेंही याच महाराष्ट्रांत आहेत. कराडजवळच्या मलकापुरानें २००९ सालीं चोवीस तास पाणी देण्यास आरंभ केला; नागपुरांत धरमपेठेंत याच सुमारास तसाच प्रयोग झाला, आणि त्यांत घरोघरच्या जुन्या जोडण्या काढून प्लास्टिकच्या नव्या जोडण्या घालण्याचें काम मोठें होतें. नळ सतत भरलेला असला कीं घाण आंत येत नाहीं. पण सतत भरलेला नळ सतत गळतोही. म्हणून आधीं जोडण्या बदलाव्या लागतात. क्रम उलटा करतां येत नाहीं.

औरंगाबादच्या नहरींचें काय झालें? त्या कोणीं एका दिवशीं बंद केल्या नाहींत. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं झालें, पैठणहून पाणी येऊं लागलें, आणि नहरींची गरज संपली असें सर्वांनीं गृहीत धरलें. वरून रस्ते गेले, पाये खणले गेले, उमाळ्यांच्या मुलुखांत कूपनलिका उतरल्या, वडपिंपळांच्या मुळ्या सांध्यांत शिरल्या. पूर्वीं मुळी तोडावयास माणूस येई, आतां येईना. नहर-ए-अंबरीच्या कांहीं भागांत अगदीं अलीकडेपर्यंत पाणी वाहत होतें, हें तिच्या बांधणीचें कौतुक. आणि गंमत अशी कीं, जायकवाडीहून येणारी जुनी ७०० मिलिमीटरची वाहिनी तिच्या पन्नाशीच्या आंतच जर्जर झाली. ती फुटल्याची व शहर तहानेल्याची बातमी ही नित्याची झाली, आणि डिसेंबर २०२० मध्यें नव्या मोठ्या योजनेची कोनशिला बसवावी लागली. कोनशिला बसविण्यांत आपण कधींच मागें नव्हतों.

आतां पुन्हा हिंगोलीच्या काळ्या रानाकडे वळूं. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जलजीवन योजना जाहीर झाली. खेड्यांतील प्रत्येक घरास नळ व माणशीं रोज ५५ लिटर पाणी हा तिचा संकल्प. ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या आडावरून पाणी शेंदलें त्यांच्या अंगणांत तोटी आली, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांतील सुख ज्यांनीं डोक्यावर हंडा वाहिला आहे त्यांसच कळेल. नळ बहुधा प्लास्टिकचे आहेत, ते गंजत नाहींत, आणि त्यांतील लवचिक जातीचे काळ्या मातीचें फुगणें आकसणेंही बऱ्यापैकीं सोसतात. सांधे मात्र सांधेच राहतात. योजनेप्रमाणें देखभाल गांवच्या पाणी व स्वच्छता समितीकडे आहे, आणि तिनें पाणीपट्टी गोळा करून ती करावयाची आहे. पाणीपट्टी थकली कीं प्रथम कोणता खर्च तोडला जातो हें ग्रामपंचायतीचा जमाखर्च पाहणाऱ्यास ठाऊक असतें. विजेचें बिल भरावेंच लागतें, नाहीं तर पंप बंद. दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलतां येते.

काळ्या मातीसाठीं उपाय साधा आहे व जुना आहे. चर थोडा अधिक खोल घ्यावा, निघालेली काळी माती पुन्हा चरांत न लोटतां नळाच्या खालींवर वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा थर द्यावा, अंगणांत शिरणाऱ्या प्रत्येक जोडणीवर बंद करण्याची चावी ठेवावी, आणि गटार ओलांडतांना नळ त्याच्या वरून न्यावा. मुरूम आणावयास गाडीभाडें पडतें, म्हणून बहुधा तोच वगळला जातो. चर बुजविल्यावर त्यांत काय घातलें हें वरून दिसत नाहीं. वैशाखांत जमीन उलली, आणि कोणाच्या तरी दारापुढें भर उन्हाळ्यांत हिरवळ दिसूं लागली, म्हणजे तें कळतें.